यंत्रमागांच्या गावातली आमरी

आज माझ्या डेंड्रोबियम आमरीला (ऑर्किडला) नवा तुरा दिसला. भिवंडीत आमरी जगते म्हटलं की लोक हसतात. इथे यंत्रमागांची खडखड, हवेत कापसाचे तंतू! पण इथला दमटपणा तिला मानवतो. माती मात्र नको. कोळसा नि नारळाची सोडणं, बस्स. मुळं चंदेरी दिसली की पाणी, हिरवी असली की हात आखडता. त्यांच्यावरचं सच्छिद्र आवरण पाणी शोषतं, म्हणून तिथे चिकटलेले तंतू मी ओल्या फडक्याने टिपते. माझी दुसरी आमरी, फॅलेनॉप्सिस, मात्र रुसलेलीच. कळी धरायला तिला थंडावा हवा, तो इथे कुठला? सीतेची वेणी ही आमरी तर आपल्या सह्याद्रीतलीच, पावसाच्या तोंडावर झाडांवर लोंबणारी. ती जंगलातून ओरबाडून आणू नका, रोपवाटिकेतूनच घ्या.