साडेआठ फुटांची माणसे

डीआयपी म्हणजे दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क. नावात पार्क आहे म्हणून भारतातून आलेले पाहुणे आधी बाग शोधतात! सुमारे 2,300 हेक्टरांत कारखाने, गोदामे, शाळा, ग्रीन कम्युनिटीची झाडाआडची घरे आणि कामगारांच्या राहण्याच्या इमारती असा हा शेजार. 2021पासून इथे मेट्रो जमिनीखालून येते. संध्याकाळी स्टेशनातून वर आलात की कंपन्यांच्या बसगाड्या दिसतात. खिडकीला डोके टेकून झोपलेली माणसे, गळ्यात गमछा.

त्या बसगाड्या पाहिल्या की मला गुस्ताव कूर्बे हा फ्रेंच चित्रकार आठवतो. ओर्नां गावच्या सधन शेतकऱ्याचा हा मुलगा, जन्म 1819चा. 1849 साली गाडीतून जाताना त्याला रस्त्याकडेला खडी फोडणारे दोघे दिसले, एक म्हातारा आणि एक पोरगा. त्याने त्यांना चित्रशाळेत बोलावून घेतले. चित्रात म्हाताऱ्याचा चेहरा टोपीच्या सावलीत, पोराची पाठ आपल्याकडे, अंगावर फाटके कपडे, बाजूला जेवणाचे भांडे. गरिबांची चित्रे आधीही निघत, पण बेताच्या आकाराची. हा कॅनव्हास साडेपाच फूट उंच आणि साडेआठ फूट रुंद. एवढी जागा तोवर राजे, देव आणि लढायांची असे. पॅरिसच्या प्रदर्शनात कित्येकांना ते खुपले.

कूर्बे पुढे 1871च्या पॅरिस कम्यूनमध्ये पडला, तुरुंगात गेला. व्हांदोम स्तंभ पुन्हा उभारण्याचा खर्च त्याच्या डोक्यावर बसला. 31 डिसेंबर 1877 रोजी, पहिला हप्ता भरायच्या आदल्या दिवशी, तो स्वित्झर्लंडमध्ये वारला. खडीवाल्यांचे चित्रही आज नाही. 1945 साली ड्रेस्डेनजवळ बॉम्बहल्ल्यात ते नष्ट झाले. उरले ते जुने फोटो.

आपल्याकडे म. वि. धुरंधरांनी (1867–1944) मुंबईची रस्त्यावरची माणसे मोठ्या प्रेमाने टिपली, पण पोस्टकार्डांवर, तळहाताएवढी. मोठे कॅनव्हास शिवराज्याभिषेकाला आणि पुराणकथांना गेले. धुरंधरांना दोष कशाला द्यायचा? चित्र विकत घेणारे कोण होते तेही पाहावे.

1972च्या दुष्काळात आमच्या आजीने खडी फोडली. हातावरचे घट्टे शेवटपर्यंत गेले नाहीत. सुकडीची चव ती आम्हाला वर्णन करून सांगायची, आणि मिलोच्या भाकरीचे नाव काढले की तोंड वाकडे करायची. त्या कामावरचा तिचा एकही फोटो नाही. तिच्या खडीच्या रस्त्यावरून अजून एसटी जाते.

म्हणून कुणी इथल्या माणसांना साडेआठ फुटांवर रंगवावे असे मला फार वाटे. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातले काम कायद्याने बंद असते. तेव्हा सावलीच्या पट्टीत ओळीने आडवी झालेली ती माणसे म्हणजे तयार चित्रच.

पण रविवारी संध्याकाळी त्यांच्यातलाच कुणी फोन पुढे करतो, "एक फोटो खींच दो." शर्टाला कडक इस्त्री, केसांना तेल, मागे बोगनवेल नाहीतर दुसऱ्याची चकचकीत गाडी. हेल्मेट घालून फोटो काढा असे आजवर एकानेही सांगितलेले नाही. गावी बायको बघणार, आई बघणार. कूर्बेने त्या दोघांना विचारले असते, तर तेही बहुधा धुतलेला सदरा घालून आले असते.