माथेरानची सावकाश वाट

नेरळला मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत शिरले, की आपले आकारमान एकाएकी वाढल्यासारखे वाटते. रुळांमधले अंतर अवघे दोन फूट, आणि डबाही त्याच बेताचा. समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागतात. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०७ साली ही गाडी सुरू केली, ती डोंगर चढण्यासाठी. माणसे जुळवण्याचे काम तिने आपण होऊन पत्करले असावे! २०१९ च्या पावसाने मार्ग उखडला होता. २०२२ साली तो पूर्ववत झाला, तेव्हा आम्ही गेलो.

२१ किलोमीटरांना दोन तासांहून अधिक वेळ लागतो. आमच्या सौ.ला जुम्मापट्टीपर्यंतचा पुरला. समोरच्या बाईंचे माहेर, मुलीचे ठरत आलेले लग्न आणि लिंबाच्या लोणच्याचे प्रमाण, सारे तिच्या हाती आले. (प्रमाण वहीत उतरलेले मी पाहिले आहे.) शेजारी आमचे थोरले बंधू, दादा, खिडकीबाहेर पाहत बसले होते.

वहिनींना जाऊन दीड वर्ष झाले होते. चाळीस वर्षे दादांच्या वतीने शेजारपाजार, सोयरेधायरे, दूधवाला या साऱ्यांशी वहिनीच बोलत. त्या गेल्या आणि दादांच्या घराकडे कुणाचे पाऊल वळेना. लोक म्हणत, तुसडे आहेत. ते खरे नव्हे. कुणाचे दार पहिल्या थापेला उघडते, कुणाचे दहाव्या. आणि शहरात दहा थापा मारायला सवड कुणाला?

माथेरानात ती मिळते, त्याचे कारण अगदी व्यवहारी आहे. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे तांबड्या मातीतून पायी चालायचे. त्यामुळे सकाळी पॅनोरमाच्या वाटेवर दिसलेला गृहस्थ दुपारी बाजारात आणि संध्याकाळी शार्लोट तलावाशी पुन्हा भेटतोच. पहिल्या दिवशी छत्रीवाल्या एका वृद्ध गृहस्थांनी दादांना नमस्कार केला. दादांनी नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी दोघे एकाच बाकावर अर्धा तास बसले, एक शब्द न बोलता.

"भाऊजींना हाक मारू का?" सौ.ने हळूच विचारले. मी नको म्हटले.

तिसऱ्या दिवशी जेवताना दादा म्हणाले, "त्यांचीही मंडळी गेली. चार वर्षे झाली."

आता दर महिन्याला दादांना ठाण्याहून पोस्टकार्ड येते, दोनतीन ओळींचे. दादांचे उत्तर त्याहून लहान असते. पण ते टपालात टाकायला दादा स्वतः जातात, आणि वाटेत कुणी भेटले तर आताशा थांबतात.