न्हाणीतले माप

शेतकऱ्यांना मापाचे महत्त्व सांगण्यात माझी नोकरी गेली. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद म्हणजे गुंठा. बी अंदाजाने पेरू नका, खत अंदाजाने टाकू नका, हे मी किती गावांत बोललो असेन याला गणती नाही.

यंदा गावच्या घरी न्हाणीत बेसिन बसवायचे ठरले. वर तोंड धुण्याचे भांडे आणि खाली साबण-तेलासाठी कपाट. तालुक्याच्या दुकानात एक तीनफुटी नग मनात भरला. "बसेल की!" म्हणालो आणि टेम्पोत घालून आणला. न्हाणीत ठेवला तर दार त्यावर आदळून अर्धेच उघडू लागले. दार आत उघडते हे वर्षानुवर्षे पाहत होतो, पण मोजले कोणी? दुकानदाराने माल परत घेतला. टेम्पोचे भाडे मात्र दुप्पट गेले.

मग शहाण्यासारखा टेप काढला. जागेची रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजली. पाऊण इंचाचा फरक निघाला, तेव्हा सर्वांत लहान माप धरले. दार फिरवून त्याची कड जिथवर येते तिथे खडूने रेघ ओढली. सांडपाण्याची नळी किती उंचीवर आहे ते लिहून घेतले. पुढे उभे राहायला दोन फूट मोकळे सोडले. उरली दोन फूट रुंदी आणि अठरा इंच खोली. प्लायवूड पाण्याने फुगते म्हणून कपाट पीव्हीसीचे, आणि खालची फरशी धुता यावी म्हणून भिंतीला टांगायचे ठरवले.

राहिली उंची. गवंडी म्हणाला, "साहेब, बत्तीस-चौतीस इंच, सगळीकडे तेच असतं."

सहज आईला बोलावून भिंतीशी उभे केले. तिचे कोपर छत्तीस इंचांवर आले.

"अरे, म्हातारीचं कसलं माप घेतोस?"

"आई, सध्या तोंड कसं धुतेस गं?"

"बादलीशी. गुडघा मुडपत नाही, म्हणून भिंतीला हात लावून ओणवी होते. पावसाळ्यात एकदा घसरले होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलं कुणी?"

मी टेप गुंडाळीत उभा राहिलो. दुसऱ्याच्या बांधावर जाऊन शंभर प्रश्न विचारणारा मी, घरात एकही विचारला नव्हता.

सूनबाई उंच आहे. तीच म्हणाली, "बाबा, तीस इंचांवर बसवा. आम्ही थोडं वाकू."

तसेच बसवले. बेसिनवर भार देऊ नये, म्हणून शेजारी धरायला भिंतीत पक्का दांडा रोवला. कपाटात फक्त साबण, तेल आणि पंचे. फवारणीच्या औषधाची बाटली तिथे ठेवायची नाही, अशी घरात सक्त ताकीद दिली आहे.

आता सकाळी आई ताठ उभी राहून तोंड धुते. तुमच्या घरी बेसिन घ्यायचे असेल तर भिंत मोजाच. पण त्याआधी त्यापुढे उभे राहणारे माणूस मोजा.