कुला, वाघ, टायगर

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस गाविलगडच्या डोंगररांगा सुरू झाल्या की मराठी विरळ होत जाते. धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांचा हा मुलूख म्हणजे मेळघाट. येथील घरांघरांतून बोलली जाणारी कोरकू ही मराठीची बोली नव्हे, हिंदीचीही नव्हे. तिचे सगेसोयरे दूर पूर्वेला, संथाली आणि मुंडारीच्या प्रदेशात आहेत. मुंडा कुळातील ही सर्वांत पश्चिमेकडची भाषा. २०११ च्या जनगणनेत सात लाखांहून अधिक लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून सांगितली. संथालीला २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, कोरकू मात्र बाहेरच राहिली.

येथल्या शाळेत इंग्रजी शिकवणारे गुरुजी बहुधा खालच्या सपाटीवरून आलेले असतात. महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू केले, त्यामागची भावना उदारच होती. शहरातल्या मुलाला जे मिळते ते रानातल्या मुलालाही मिळावे, एवढीच. गृहीत धरले गेले ते इतकेच, की मुलाला मराठी येते.

एका खोलीत दोन वर्ग बसलेले असतात. गुरुजी तक्त्यावरील चित्रावर बोट ठेवून सांगतात, ‘टायगर म्हणजे वाघ.’ मुले दोन्ही शब्द एका सुरात म्हणतात, कारण त्यांच्या लेखी दोन्ही सारखेच परके असतात. मग मागच्या ओळीतून कोणीतरी दबक्या आवाजात ‘कुला’ म्हणतो आणि सारा वर्ग हसतो. ते हसू थट्टेचे नसते, ओळख पटल्याचे असते. काही गुरुजी त्या हसण्याला दटावतात. काही थांबतात आणि तो शब्द स्वतः उच्चारून पाहतात. त्यांचा उच्चार चुकतो, मुले पुन्हा हसतात, आणि वर्गात प्रथमच कोणीतरी कोणाला तरी भाषा शिकवीत असते.

थांबणाऱ्या गुरुजींना पुढे एक नवल कळते. कोरकूत कुत्रा म्हणजे ‘सिता’, पुष्कळ कुत्रे म्हणजे ‘सिताकू’. शब्दाच्या शेवटी ‘कू’ जोडला की अनेकवचन झाले. ‘कोरकू’ हे नावदेखील तसेच, ‘कोरो’ म्हणजे माणूस याचे अनेकवचन. ‘डॉग’चे ‘डॉग्ज’ व्हायला या मुलाला कितीसा वेळ लागावा? मराठीतून जायचे तर वाटेत कुत्रा-कुत्रे, भिंत-भिंती, झाड-झाडे असा घाट चढावा लागतो. लिंगाचेही तेच. बाप आला, आई आली, पोर आले, या भेदापायी येथील मुले मराठीत अडखळतात आणि ती मंदबुद्धीची ठरविली जातात. कोरकू क्रियापदाला असा भेद ठाऊक नाही, इंग्रजी क्रियापदालाही नाही. येथून इंग्रजीला जाणारी पायवाट काही ठिकाणी मराठीच्या सडकेपेक्षा जवळची आहे. ती कोणी मळू दिली नाही, इतकेच.

१९५६ साली संविधानात आलेले ३५०-अ हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयींविषयी बोलते. त्याचा आधार घेऊन इंग्रजीला नाक मुरडणारेही आहेत. (त्यांची स्वतःची मुले कोणत्या माध्यमात शिकतात, हे विचारायचे नसते.) कोरकू आईबापांना इंग्रजी हवे आहे. मुलाने तालुक्याच्या कचेरीत मान खाली घालून उभे राहू नये, एवढ्यासाठी हवे आहे. त्या इच्छेत घरची भाषा टाकून देण्याची अट त्यांनी घातलेली नाही. ती शाळेने आपण होऊन घातली.

दिवाळीनंतर गावे रिकामी होऊ लागतात. रोजगारासाठी कुटुंबे खाली उतरतात, मुलेही जातात. पटावर नावे राहतात, बाकांवर धूळ. होळीला मात्र कोरकू माणूस जिथे असेल तिथून परततो. मुले वर्गात येतात तेव्हा पाठ केलेले सगळे वाहून गेलेले असते. उरलेले असते ते हसत हसत शिकलेले चार-दोन शब्द. पुढे महिनाभरातच परीक्षा येते. पेपर इंग्रजीचा असतो, आणि प्रश्न समजावून सांगितले जातात ते मराठीत.