पाहुण्यांच्या वाट्याचा फोटो

रिसेप्शनच्या रांगेत पाकीट धरून उभा राहिलेला पाहुणा स्टेजवर पोचतो, तेव्हा त्याच्या वाट्याला फार तर अर्धं मिनिट येतं. नवरा-नवरीला शुभेच्छा, पाकीट पुढे, आणि फोटोग्राफरचं ‘काका, थोडं आत या, इकडं बघा’. फ्लॅश उडतो. तोवर पुढचं कुटुंब पायरी चढलेलं असतं. फोटो हार्ड डिस्कवर जातो, पुढे अल्बमातही लागतो, पण काकांना तो बहुधा कधीच दिसत नाही. रात्रभर एसटीनं प्रवास करून आलेल्या माणसाची त्या लग्नातली खूण दुसऱ्याच्या कपाटात राहते.

लग्न, मुंज, बारशाच्या ऑर्डरी घेणारे फोटोग्राफर आता जोडीला फोटोबूथही देऊ लागले आहेत. ड्रोन, एलईडी वॉल, प्री-वेडिंग आणि बूथ, असा तो दरपत्रकातला एक रकाना होऊन बसला आहे. पण त्याचं खरं मोल त्या काकांच्या बाजूनं पाहिलं की कळतं. अख्ख्या समारंभात पाहुण्यासाठी काढलेला आणि तिथल्या तिथे त्याच्या हातात पडलेला फोटो हा एवढाच.

फोटो लगेच हातात मिळण्याची ही ओढ जुनी आहे. सैबेरियातल्या ओम्स्कमध्ये जन्मलेला अनातोल जोसेफो हिंडत हिंडत न्यूयॉर्कला पोचला आणि १९२५ मध्ये त्यानं ब्रॉडवेवर ‘फोटोमॅटन’ नावाचं यंत्र लोकांसमोर मांडलं. २५ सेंट टाकायचे, आठ मिनिटं थांबायचं, आठ फोटोंची पट्टी घेऊन जायचं. पहिल्या सहा महिन्यांत २,८०,००० लोकांनी ते वापरलं आणि १९२७ मध्ये त्याचे हक्क दहा लाख डॉलरना विकले गेले. त्या हकिकतीतला एक तपशील फार महत्त्वाचा आहे. यंत्र स्वयंचलित होतं, तरी बाजूला पांढरे हातमोजे घातलेला एक माणूस उभा असे. आता उजवीकडे बघा, आता डावीकडे, आता कॅमेऱ्याकडे, असं तो लोकांना सांगे. फोटो यंत्र काढत होतं, पण समोरच्याची भीड मोडायला माणूसच लागत होता.

आपल्याकडे तर हे काम माणसानंच केलं. जत्रेतल्या फोटोवाल्याच्या रंगवलेल्या पडद्यापुढे, पुठ्ठ्याच्या विमानात बसून कितीतरी कुटुंबांनी आपला पहिला फोटो काढून घेतला. गेटवे ऑफ इंडियापाशी गळ्यात कॅमेरा आणि हातात नमुन्याचे फोटो घेऊन फिरणारे फोटोग्राफर आजही पर्यटकांना थांबवतात आणि जवळच्या छोट्या प्रिंटरवर लगेच प्रिंट काढून देतात. मंगल कार्यालयातला बूथ ह्याच घराण्यातला. म्हणूनच कोपऱ्यात टॅब्लेट आणि रिंगलाइट उभा करून ‘बटण दाबा नि फोटो घ्या’ म्हणणं अपुरं वाटतं. तसा फोटो पाहुण्याच्या खिशातला मोबाइलही काढतो. शिवाय सेल्फीत हात लांब करणारा मोठा दिसतो आणि आजी कडेला कापली जाते.

फोटोग्राफर बूथ लावतो तेव्हा फरक उजेडात दिसतो. डेकोरेटरचे जांभळे-गुलाबी एलईडी साऱ्या हॉलभर खेळत असतात आणि त्या उजेडात माणसांचे चेहरे आजारी दिसतात. म्हणून जाणकार माणूस सॉफ्टबॉक्समधला फ्लॅश स्वतःचा लावतो, कॅमेरा मॅन्युअलवर ठेवतो आणि अॅपर्चर एफ ८ च्या आसपास ठेवतो. मग पुढच्या रांगेतलं पोर आणि मागच्या रांगेतले आजोबा दोघंही स्पष्ट येतात. हे एकदा बसवलं की रात्रभर बदलायचं नाही. जागा निवडणं त्याहून नाजूक. स्टेजला चिकटून बूथ लावला तर विधींना अडचण, डीजेच्या स्पीकरशेजारी लावला तर कोणी थांबत नाही. जेवणाच्या वाटेवर, पण वाट न अडवता, ही जागा बरी. आणि मंगलाष्टकं सुरू झाली की बूथचा दिवा बंद. अक्षता हातात असताना लोकांनी तिकडे रांग लावावी, हे कुठल्याच यजमानाला आवडणार नाही.

प्रिंटर हा या कामाचा जीव. इथे लागतो डाय-सब्लिमेशन प्रिंटर. त्यात शाई ओतायची नसते. रिबनवरचा रंग उष्णतेनं कागदात उतरतो. एका फोटोसाठी कागद हेडखालून चार वेळा जातो: आधी पिवळा, मग किरमिजी, मग आकाशी निळा आणि शेवटी वरून पारदर्शक थर. पंधरा-एक सेकंदांत फोटो बाहेर पडतो तो कोरडा ठणठणीत. हळदीच्या बोटांनी धरला तरी पुसता येतो. डीएनपीच्या आरएक्स-१ सारख्या प्रिंटरच्या एका रोलमध्ये ४×६ च्या ७०० प्रिंट निघतात, त्यामुळे एका समारंभाला रोल सहसा पुरतो. वेळ खातो तो माणसांचा मेळ. मावशी येते ती एकटी येत नाही. दोन सुना, तीन नातवंडं, त्यातलं एक पळालेलं. त्याला पकडून आणेपर्यंत जावई गायब. परदेशी रिवाजातली अरुंद पट्टी इथे म्हणूनच तोकडी पडते, पूर्ण ४×६ बरा.

हा मेळ घालणं हीच खरी कसोटी. बूथवर उभ्या असलेल्या पोराला कॅमेरा आला नाही तरी एकवेळ चालेल, ‘आजी, तुम्ही खुर्चीवर बसा, बाकीचे मागे’ हे अदबीनं म्हणता आलं पाहिजे. पुठ्ठ्याच्या मिशा आणि अवाढव्य चष्मे कॉलेजच्या पोरांना हवे असतात. ते टेबलावर असावेत, पण सत्तरीच्या बाईच्या हातात कोंबू नयेत. बांधलेला फेटा ठेवला तर संकोचणारे आजोबा स्वतःहून हात पुढे करतात. काहींना तर पदर सारखा करायला क्षणभर दिला की पुरे. अशा माणसांचा नीट उजेडातला, ताठ बसलेला फोटो घरात आणखी कुठे असेलच असं नाही, हे ध्यानात ठेवून काम करणारा फोटोग्राफर घाई करत नाही.

एक गोष्ट मात्र अजून पुरेशा गांभीर्यानं घेतली जात नाही. फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवण्यासाठी पाहुण्यांचे नंबर घेतले जातात. ते पुढे जाहिरातीच्या यादीत जाता कामा नयेत. २०२३ साली व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेनं केला, पण त्याचं नाव न घेताही हे पाळता येतं: फोटो पोचला की नंबर पुसायचा. कोणा पाहुण्याचा फोटो स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकायचा तर आधी त्याला विचारायचं. वापरलेल्या रिबनकडे तर कोणाचं लक्षच नसतं. प्रत्येक फोटोचा उलट्या रंगांतला ठसा त्या रिबनवर राहतो, उजेडात धरली की चेहरे ओळखू येतात. ती कार्यालयाच्या कचऱ्यात तशीच टाकून निघणं चूक आहे. कापून टाकायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

प्रत्येक फोटोच्या दोन प्रती काढायची पद्धत सर्वांत सुंदर आहे. ७०० च्या रोलमध्ये ३५० कुटुंबं बसतात. एक प्रत पाहुण्याला. दुसरी जाड कागदाच्या वहीत चिकटवायची आणि शेजारी त्यांना दोन ओळी लिहायला सांगायचं. कोणी नुसती सही करतं, कोणी गावाचं नाव घालतं. एखादी आत्या नवरीच्या लहानपणचा किस्सा लिहीत बसते आणि मागची रांग खोळंबते. डिझाइन, दुरुस्त्या, छपाई असं सगळं होऊन लग्नाचा अल्बम हाती यायला महिने लागतात. ही वही त्याच रात्री नवरीच्या सामानातून घरी जाते.