प्रार्थना कुठल्या भाषेत?

"तू ख्रिश्चन ना? मग तुझं मराठी एवढं चांगलं कसं?" होस्टेलमध्ये पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न आला. मी हसून म्हटलं, "अगं, मी कोहमाऱ्याची! गोंदियाचा रस्ता मुंबई-कोलकाता हायवेला मिळतो ना, तिथली."

घरी आजी रोज रात्री मराठीतच प्रार्थना करते. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं तिला पाठ. टिळकांना 'नवा करार' राजनांदगावला जाताना आगगाडीत मिळाला, १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, हे तिनेच सांगितलं. राजनांदगाव तर आमच्याच हायवेवर पुढे! पण मी पडले कॉन्व्हेंटची. आजीची प्रार्थना मला गावठी वाटायची. माझी इंग्रजीत, घडाघडा पाठ.

मागच्या सेमिस्टरला, एम-थ्रीच्या पेपरच्या आदल्या रात्री, रूममेटच्या बाबांना ॲडमिट केल्याचा फोन आला. गाडी सकाळीच होती. रडतरडत ती म्हणाली, "तुझ्या देवाला सांग ना काहीतरी. पण मला समजेल असं."

मी डोळे मिटले. पाठ केलेलं इंग्रजी ओठांवर येऊन थांबलं. मग आजीचेच शब्द आले, "हे बापा, या लेकराला धीर दे..." तिने माझा हात घट्ट धरला.

तिचे बाबा बरे झाले. तिचा पेपर बुडाला आणि मला बॅक लागला, ते सोडा!

नाताळात घरी गेले, तेव्हा रात्री आजीजवळ जाऊन बसले. म्हटलं, "आजी, तू म्हण. मी तुझ्या मागून म्हणते."