वाकडे डोके

पेन्शनीत निघालेल्या माणसाने बागकाम करावे, फार तर होमिओपॅथीची पुस्तके वाचावीत, असा आमच्या साताऱ्यातला संकेत आहे. मी मात्र टेबलावर मावणारे, साठ किलो वजनाचे मिलिंग यंत्र विकत घेतले. "आता घरभर लोखंडाचा भुगा," एवढेच बोलून मंडळींनी स्वयंपाकघराचे दार लावून घेतले.

जन्मभर मी फायलींखेरीज काही हलवले नव्हते. याच जिल्ह्यात धनजीशा कूपरांनी नांगर आणि डिझेल इंजिने बनवली, हे ठाऊक होते. कारखान्यात डोकावावेसे मात्र कधी वाटले नाही. घरातला कारागीर म्हणजे दादा. मला कॉलेजात जाता यावे म्हणून तो मॅट्रिकनंतर किर्लोस्करवाडीला फिटर झाला. या गोष्टीचा उच्चार आम्ही दोघांनी कधी केला नाही.

यंत्रातली प्लॅस्टिकची दातेरी चाके दुसऱ्याच महिन्यात तुटली. त्यांच्या जागी पट्टा बसवला. आवाज निम्मा झाला. मग मोठा कटर आला, नवा व्हाइस आला. तरी ॲल्युमिनियमचा ठोकळा तासला की एका घासाशेजारी दुसरा घास पायरीसारखा उमटे, नख अडके. शेवटी सांगलीला फोन केला. वहिनी गेल्यापासून दादा घराबाहेर पडत नव्हता.

"दागिने खूप चढवलेस," तो म्हणाला. "डोकं सरळ आहे का पाहिलंस?"

आणि रविवारी सकाळी तो स्वतःच आला. खिशात संध्याकाळचे परतीचे तिकीट, पिशवीत जुना डायल. बेळगावात सायकलींचे दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर कारखाना कसा उभारला, ही कथा त्याने रिक्षात मला पन्नासाव्यांदा ऐकवली. मीही पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकली.

आधी त्याने टेबलाच्या कडेच्या पट्टीचे स्क्रू आवळायला लावले. टेबल सरकेनासे झाले की प्रत्येक स्क्रू केसभर सोडायचा. मग स्पिंडलला वाकडी सळई बांधून तिच्या टोकाला डायल लावला. स्पिंडल हाताने फिरवून टेबलाच्या डाव्या आणि उजव्या टोकाला काटा काय दाखवतो ते पाहायचे. फरक निघाला पंधरा शतांश मिलिमीटर!

"थांब, मी बसवतो," म्हणत दादाने डोक्यावर हात ठेवला. काटा थरथरू लागला. यंत्र तर बंद होते. आम्ही दोघे त्या काट्याकडे पाहत राहिलो. दादाने हात काढून कोटाच्या खिशात घातला.

"तू ठोक," तो म्हणाला. "लाकडी हातोडी घे. दार वाजवतोस तेवढंच."

मी ठोकत होतो, तो डायलवर नजर लावून बसला होता. काटा जुळावा आणि नट आवळताना डोके पुन्हा सरकावे, असे सात-आठ वेळा झाले. कचेरीत मी अशाने राजीनामा दिला असता. शेवटी "आता हात लावू नकोस," असा हुकूम झाला. फरक एक शतांश! ठोकळा तासला. दादाने खिशातला हात काढून त्यावरून नख फिरवले. ते कुठेच अडले नाही.

"डावं-उजवं झालं. पुढं-मागं राहिलं की," तो पुटपुटला.

तेवढ्यात मंडळी दाराशी आल्या. "दादा, गाडीची वेळ होत आली. डबा भरू ना?"

"भरलेला नको," दादा मान वर न करता म्हणाला. "रिकामा पत्र्याचा असला तर बघ. खांबाखाली घालायला पट्ट्या कापायच्यात."